दुधात हार्मोन असतेच. प्रयोगशाळा शोधते ते वेगळे

गाईम्हशीच्या दुधात हार्मोन असते. इंजेक्शन दिलेले असो वा नसो, दावणीला एकच म्हैस असो वा गोठ्यात शंभर जनावरे, ते असतेच. प्रोजेस्टेरॉन नावाचे हार्मोन तर दुधात इतक्या भरवशाने सापडते की जनावर गाभण राहिले की नाही हे ओळखायला त्याचा उपयोग करतात. कृत्रिम रेतनानंतर २१ ते २४ दिवसांच्या सुमारास दूध तपासायचे. प्रोजेस्टेरॉन खाली आले असेल तर जनावर रिकामे, वर टिकून असेल तर बहुधा गाभण. हे हार्मोन स्निग्धांशात उतरते, त्यामुळे सायीत आणि लोण्यात त्याचे प्रमाण दुधाच्या कितीतरी पट असते.

हे आधीच सांगतो, कारण हल्ली अनेक घरांत एकच भीती ऐकू येते: दुधातल्या आणि चिकनमधल्या हार्मोन्समुळे मुली लवकर वयात येतात. घाबरलेले आईबाप एखाद्या प्रयोगशाळेला विचारतात, ‘या दुधात हार्मोन आहे का, तेवढे बघून द्या.’ प्रयोगशाळेने ‘आहे’ असे लिहून दिले तर ते खोटे नसेल. पण त्या कागदाने त्यांच्या हाती काहीच लागणार नाही. या विषयात विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत. सापडलेले हार्मोन जनावराचे स्वतःचे की बाहेरून घातलेले? किती? आणि तपासणाऱ्याने काय शोधले, काय शोधलेच नाही?

‘किती’चा हिशेब आधी करून टाकू. गाभण जनावराच्या दुधात लिटरला साधारण १० मायक्रोग्रॅम प्रोजेस्टेरॉन असू शकते. २० किलो वजनाच्या मुलाने अर्धा लिटर दूध प्यायले तर पोटात ५ मायक्रोग्रॅम गेले. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९९ मध्ये ठरवलेली रोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत आहे, म्हणजे या मुलासाठी ६००. शिवाय तोंडावाटे घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनचा बराचसा भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते. इस्ट्राडिओल या स्त्री-हार्मोनची मर्यादा फार कडक आहे, किलोमागे ५० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग), कारण ते अगदी थोड्या प्रमाणातही काम करते. लहान मुलांच्या स्वतःच्या शरीरात ते अत्यल्प असते. म्हणूनच युरोपातले शास्त्रज्ञ याच एका हार्मोनबाबत आजही सावध आहेत, आणि मला ती सावधगिरी योग्य वाटते.

या तपासण्या मुळात सुरू का झाल्या, हे कळायला १९७० च्या दशकातल्या इटलीकडे पाहावे लागते. तेव्हा डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे प्रयोगशाळेत बनवलेले स्वस्त स्त्री-हार्मोन मांसाची जनावरे झपाट्याने वाढावीत म्हणून वापरले जाई. अमेरिकेत ते कोंबड्यांच्या मानेत गोळीच्या रूपाने बसवत, ते १९५९ मध्ये थांबले. गुरांना देणे मात्र १९७९ पर्यंत चालू राहिले. हेच औषध गरोदर स्त्रियांनाही दिले जात होते, आणि त्यांच्या मुलींमध्ये तरुणपणी योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग दिसू लागल्याचे १९७१ मध्ये उघड झाले होते. दशकाच्या अखेरीस मिलानमधल्या एका शाळेतल्या मुलामुलींची छाती अकाली वाढल्याचे डॉक्टरांना आढळले. संशय मांसावर गेला, पण सिद्ध काहीच करता आले नाही. मग १९८० मध्ये वासराच्या मांसापासून बनवलेल्या बाळांच्या डबाबंद आहारात डीईएस सापडले आणि युरोपभर संताप उसळला. १९८१ मध्ये या गटातल्या औषधांवर बंदी आली. १९८८ पासून वाढीसाठी कोणतेही हार्मोन वापरण्यावर, आणि १९८९ पासून तसे मांस आयात करण्यावरही बंदी आली.

अमेरिका आणि कॅनडा त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. युरोपने धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन पुरेसे केलेले नाही, असा निकाल १९९८ मध्ये लागला, तरी युरोपने बंदी उठवली नाही. अमेरिकेत आजही गुरांच्या कानाच्या कातडीखाली हार्मोनची गोळी बसवणे कायदेशीर आहे.

बंदी आली की चोरटा धंदा येतो. बेल्जियममध्ये तो इतका माजला की त्याच्या मागावर असलेले सरकारी पशुवैद्यक कारेल व्हॅन नॉपेन यांना २० फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांच्या घराजवळ गोळ्या घालून ठार मारण्यात आले. मांसाच्या तुकड्यातले काही नॅनोग्रॅम शोधण्याच्या कामासाठी माणसाचा जीव गेला आहे, हे या क्षेत्रातल्या कोणीही विसरू नये.

आता नमुना प्रयोगशाळेत आल्यावर काय होते ते पाहू. तपासायला मांस सर्वात सोयीचे नसते. हार्मोन स्नायूत फार कमी उरते. यकृत, मूत्रपिंडाभोवतीची चरबी, पित्त, लघवी आणि केस जास्त बोलके असतात. म्हणून कडक व्यवस्थेत निरीक्षक गोठ्यातल्या जिवंत जनावराची लघवी घेतात आणि कत्तलखान्यात यकृताचा तुकडा. नमुन्याचे भाग करून सीलबंद ठेवतात, म्हणजे वाद झाला तर दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेला तपासता येतो.

शरीर हार्मोन बाहेर टाकताना त्याला साखरेचा किंवा गंधकयुक्त आम्लाचा एक तुकडा जोडते, म्हणजे ते पाण्यात विरघळते. तपासणाऱ्याला आधी हा तुकडा तोडावा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे एन्झाइम एका युरोपीय गोगलगाईच्या पाचकरसातून काढतात. नमुना या एन्झाइमसोबत काही तास उबेत ठेवतात. मग द्रावकाने हार्मोन ओढून घ्यायचे, चरबी वेगळी करायची, गाळणीसारख्या छोट्या नळीतून द्रव सोडून नको ते मागे ठेवायचे. सुरुवातीलाच नमुन्यात त्याच हार्मोनचा एक ‘जड भाऊ’ मोजून मिसळतात. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्यूटेरियम असतो, बाकी सगळे तेच. या धुलाईत खरे हार्मोन जितके वाया जाईल तितकाच हा भाऊही जातो, त्यामुळे शेवटी हरवलेल्याचा हिशेब लागतो. हे केले नसेल तर अहवालातल्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

आकडे किती लहान? एका किलोत एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ‘पीपीबी’. दहा टनांचे शंभर ट्रक धान्याने भरले आणि त्यात कुठेतरी एक ग्रॅम पावडर मिसळली, तर ते प्रमाण एक पीपीबी. हार्मोनच्या तपासणीत त्याच्याही हजाराव्या भागापर्यंत उतरावे लागते.

इतके सूक्ष्म पकडते ते यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. मिश्रण आधी एका बारीक स्तंभातून वाहते. प्रत्येक रेणू आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडतो. मग यंत्र त्याला विद्युतभार देऊन त्याचे वस्तुमान मोजते, त्याला फोडते आणि तुकडे पुन्हा मोजते. टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हार्मोनचा भारित रेणू २८९ चा. तो फुटला की ९७ आणि १०९ चे तुकडे ठळक दिसतात. बाहेर येण्याची वेळ जुळली, मूळ वजन जुळले, दोन्ही तुकडे दिसले आणि त्यांचे परस्पर प्रमाणही शुद्ध नमुन्यासारखेच निघाले, तरच ‘हे टेस्टोस्टेरॉनच’ असे म्हणायचे. एकही गोष्ट चुकली तर म्हणायचे नाही. युरोपच्या नियमांत असे पुरावे मोजण्याची गुणपद्धतच आहे.

सगळे नमुने या महागड्या यंत्रावर घालत नाहीत. आधी स्वस्त चाळणी लागते, बहुधा एलायझा किट, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने पदार्थ ओळखणारी सोपी चाचणी. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशीत माणसाचा इस्ट्रोजेन ग्राहक, म्हणजे इस्ट्रोजेन गटातले स्त्री-हार्मोन ओळखून धरणारे प्रथिन, बसवला. नमुन्यात इस्ट्रोजेनसारखे काहीही असले की पेशी हिरवी चमकते. याचा मोठा फायदा असा की चोरांनी आणलेला अनोळखी रेणूही त्यात पकडला जातो. पण चाळणी म्हणजे निकाल नव्हे. ती संशयित वेगळे काढते, आणि तिच्यात चांगला नमुनाही अडकतो. पैसे वाचवण्यासाठी चाळणीचाच कागद ‘रिपोर्ट’ म्हणून हातात देणे, आणि त्यावरून एखाद्या दूधवाल्याची बदनामी करणे, हा मोठा अन्याय आहे.

डीईएस किंवा ट्रेनबोलोन ही कृत्रिम हार्मोन आहेत, ती निसर्गात कुठल्याच जनावराच्या शरीरात तयार होत नाहीत. सापडली म्हणजे कोणीतरी दिले. पण इस्ट्राडिओल आणि टेस्टोस्टेरॉन जनावर स्वतःच बनवते, आणि कारखान्यातला रेणू रचनेने अगदी तोच असतो. मास स्पेक्ट्रोमीटरला दोन्ही एकच दिसतात. झेरानॉलची गोष्ट आणखी अवघड. ते कृत्रिम वाढवर्धक आहे, पण चाऱ्यावर फ्युजेरियम बुरशी वाढली असेल तर तिच्या विषापासून जनावराच्या पोटातही झेरानॉल तयार होऊ शकते. नुसते झेरानॉल सापडले म्हणून शेतकऱ्याला चोर ठरवले तर पावसात भिजलेल्या वैरणीची शिक्षा त्याला होईल. म्हणून त्यासोबत बुरशीचे मूळ विष आणि त्याची इतर रूपेही मोजतात.

टेस्टोस्टेरॉनचा तिढा सोडवणारी युक्ती या सगळ्या शास्त्रातली मला सर्वात सुंदर वाटते, आणि तिचा धागा आपल्या वैरणीपर्यंत येतो. कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, १२ वजनाचा आणि थोडा जड १३ चा. ज्वारी, मका, ऊस या वनस्पती हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात; गहू, भात, सोयाबीन दुसऱ्या. त्यामुळे ज्वारी-मक्याच्या शरीरात जड कार्बन जरा जास्त असतो आणि सोयाबीनमध्ये कमी. जनावर जे खाते त्याचीच खूण त्याच्या हार्मोनवर उमटते. औषध कारखान्यात टेस्टोस्टेरॉन बनवताना कच्चा माल बहुतेक सोयाबीनसारख्या वनस्पतीतला असतो, म्हणून त्याच्यावर सोयाबीनची खूण. तपासणारा एकाच जनावराच्या शरीरातले दोन रेणू घेतो: एक टेस्टोस्टेरॉनचा अवशेष, दुसरा इंजेक्शनने न बदलणारा. दोघांची कार्बनची खूण सारखी असेल तर हार्मोन घरचे. खूण वेगळी असेल तर बाहेरचे.

यातून एक गमतीदार गोष्ट निघते. निव्वळ हिरव्या युरोपीय गवतावर वाढलेल्या बैलाची खूण सोयाबीनच्या जवळ असते, त्यामुळे तिथे चोरी पकडणे कठीण. सोलापूरकडच्या कडब्यावर किंवा कोल्हापूरकडच्या उसाच्या वाढ्यावर पोसलेल्या जनावरात फरक मोठा दिसेल.

दुसरी वाट केसांची. इंजेक्शनमधले हार्मोन हळूहळू सुटावे म्हणून त्याला बेन्झोएट किंवा प्रोपिओनेटसारखे शेपूट जोडलेले असते. शरीर स्वतः असे शेपूट कधी जोडत नाही. जनावराच्या केसात ते शेपटासकट सापडले की वादच संपतो.

आता ऑक्सिटोसिन. महाराष्ट्रात ‘दुधातले हार्मोन’ म्हटले की बहुतेकांच्या मनात हेच असते. ते वरच्या सगळ्यांहून निराळे आहे. इस्ट्राडिओल, टेस्टोस्टेरॉनसारखे स्टेरॉइड, म्हणजे स्निग्धांशात उतरणारा रेणू, नाही; नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. रेडकू ढुसण्या देते तेव्हा म्हशीच्या मेंदूतून तेच सुटते आणि ती पान्हा सोडते. रेडकू दगावले की म्हैस पान्हवत नाही, आणि तिथे इंजेक्शनची सवय लागते. पुढे ते जनावर इंजेक्शनशिवाय दूधच सोडेनासे होते. पण इंजेक्शनने दूध ‘बनत’ नाही, कासेत असलेले उतरते. रक्तात हे हार्मोन काही मिनिटांतच निम्मे होते. दुधातून थोडेफार आले तरी आपल्या पोटात ते इतर प्रथिनांसारखे पचते. आणि इंजेक्शन न दिलेल्या दुधातही ते अत्यल्प असतेच. त्यामुळे पिशवीतल्या दुधाची तपासणी करून ‘या म्हशीला ऑक्सिटोसिन दिले होते’ असे ठामपणे सांगणे जवळजवळ अशक्य आहे.

म्हणून हा गुन्हा लहान आहे असे नाही. दूध वाढवण्यासाठी असे इंजेक्शन देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली येते, त्याच कलमात जुनी ‘फुका’ची निर्दय पद्धतही आहे. विनालेबल बाटल्यांतले अशुद्ध औषध रोज टोचणे हा त्या मुक्या जनावराचा छळ आहे. पण तो पकडायचा तर गोठ्यात आणि औषधाच्या बाटलीत पकडावा लागेल.

चुकीच्या जागी भीती धरली की काय होते हेही दिसले आहे. गोठ्यांतला गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशात वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास मनाई करून ते काम एकाच सरकारी कंपनीकडे द्यायचे ठरवले. हेच औषध प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून बाळंतिणीचा जीव वाचवते. एकाच कारखान्यावर सगळ्या देशातल्या बाळंतिणींची भिस्त ठेवणे धोक्याचे होते. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुधी भोपळ्याला ऑक्सिटोसिन टोचून तो रातोरात फुगवतात, हेही आपण ऐकतो. वनस्पतीत या हार्मोनला जुळणारा ग्राहकच नाही.

ब्रॉयलर कोंबडीबद्दल थोडक्यात. वाढीचे हार्मोन हे प्रथिन आहे, खाद्यातून दिले तर पचून जाते, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचणे कोणाला परवडणार? कोंबडी सहा आठवड्यांच्या आत दोन किलोची होते ती अनेक पिढ्यांच्या निवड पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. तिथे काळजी करायची तर अँटिबायोटिकची करा. माशांत मात्र एक खरा वापर आहे. तिलापियाची सगळी पिल्ले नर व्हावीत म्हणून पहिले तीन-चार आठवडे खाद्यात मिथाइल टेस्टोस्टेरॉन देतात, किलोला ६० मिलीग्रॅम. मासा विकायला येईपर्यंत काही महिने उलटतात आणि अवशेष सहसा उरत नाही. उजनीच्या पाण्यात आपसूक पैदास होणाऱ्या चिलापीचा, म्हणजे तिथल्या तिलापियाचा, याच्याशी संबंध नाही.

प्रयोगशाळेने ‘काय शोधलेच नाही’ याचा धडा महाराष्ट्राने द्राक्षांत घेतला. थॉम्पसनचे मणी लांबावेत म्हणून घड ‘जीए’त बुडवतात, ते जिबरेलिक आम्ल वनस्पतीचेच हार्मोन आहे. त्याच्या उलट काम करते क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपले बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात. ते जिबरेलिनची निर्मिती रोखते, वेलीचा जोर आवरते आणि काडीत घड धरायला मदत करते. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत ते किलोला ०.०५ मिलीग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंटेनर बंदरांत अडकले, नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. प्रत्येक खेपेसोबत निर्यातीआधीचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. तो खोटाही नव्हता. त्यातल्या तपासलेल्या पदार्थांच्या यादीत क्लोरमेक्वाटच नव्हते. शिवाय द्राक्षांतली बहुतेक कीडनाशके इथाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात उतरतात. क्लोरमेक्वाट क्षारासारखे असल्याने मागे पाण्यातच राहते. त्याला वेगळी पद्धत लागते. नंतर त्याचा समावेश तपासणीच्या यादीत झाला.

म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की आधी पदार्थांची यादी पाहा. ‘हार्मोन्स: आढळले नाहीत’ एवढेच लिहिले असेल तर तो कागद निरुपयोगी आहे. कोणते हार्मोन, ते नावानिशी हवे. नावापुढे शोधमर्यादा हवी, कारण १० पीपीबीच्या खाली न दिसणाऱ्या पद्धतीने ०.०१ पीपीबीचे इस्ट्राडिओल शोधले तर ‘आढळले नाही’ हेच उत्तर येणार. चाळणी केली की खात्रीची तपासणी, तेही विचारा. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढे पुरत नाही. ती मान्यता याच पदार्थासाठी आणि याच तपासणीसाठी आहे का, हे तिच्या व्याप्तीपत्रकात लिहिलेले असते. पाण्याच्या तपासणीची मान्यता दुधातल्या स्टेरॉइडला चालत नाही.

आणि एक मागणी आपण ग्राहक म्हणून करायला हवी. युरोपला कोळंबी पाठवायची तर दरवर्षी ठरलेल्या योजनेनुसार नमुने घेऊन डीईएस आणि स्टेरॉइडची तपासणी होते. देशातल्या दुधाचे २०१८ चे मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण ६,४३२ नमुन्यांचे होते. त्यात अँटिबायोटिक, कीडनाशके, अफ्लाटॉक्सिन आणि भेसळीचे पदार्थ तपासले गेले. ३६८ नमुन्यांत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते, ७७ मध्ये अँटिबायोटिक. हार्मोनचा रकाना त्यात नव्हता. पुढच्या सर्वेक्षणात तो यावा, त्यात कृत्रिम स्टेरॉइडची नावे आणि शोधमर्यादा छापलेल्या असाव्यात, आणि नमुने दुधाच्या पिशवीबरोबर गोठ्यातून व कत्तलखान्यातूनही घेतले जावेत.